क्ष मानू

पातागोनियात, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये
पत्र्यावर खडूने रेघा ओढायचं काम माझं.
एक मेंढी, एक रेघ.

दहा वाजता दमासो आला,
तेव्हा म्हाताऱ्या सेबेरिनोच्या नावावर चाळीस रेघा होत्या.
म्हातारा तासाला बारा कातरतो,
दमासो वीस.
मी वहीत लिहिलं: क्ष तास मानू.
चाळीस अधिक बारा क्ष बरोबर वीस क्ष.
बाजू पालटली की चिन्ह पालटतं.
आठ क्ष म्हणजे चाळीस. क्ष पाच.
तीन वाजता दोघंही शंभरावर.
ताळासुद्धा जुळला.

वारा पत्रा बडवत होता. लोकर घोट्यापर्यंत.
दीडच्या सुमाराला एका मेंढीच्या पोटावर
लाल फाट उमटली, म्हाताऱ्याच्याच हातून.
त्याने यंत्र बंद केलं, सुई दातांत धरली,
तिला गुडघ्यांत दाबून एकेक टाका घालत राहिला,
मापुचे भाषेत तिच्याशी काहीबाही पुटपुटत.
वीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं.

तीन वाजले. दमासो शंभर.
म्हातारा शहाण्णव.

समीकरण चुकलं नव्हतं,
त्यात सुई नव्हती एवढंच.
ती वीस मिनिटं कुठल्या बाजूला मांडायची
ते बाईंनी शिकवलेलं नाही.

मुकादम संध्याकाळी रेघा मोजून पैसे देतो.
शहाण्णवापाशी माझा खडू
जरा जास्तच वेळ टेकून राहिला.

बाहेर ती मेंढी उभी होती,
उघडीवाघडी, कुडकुडत,
टाके घातलेलं पोट घेऊन
चरायला लागलेली.