ट्रे नंबर १७

मोहन नगरच्या भट्टीवर रात्री अकराला
सगळ्यांचेच ट्रे काळे, खडूचे आकडे पुसट.
नईमभाईंनी एक मार्शमेलो
दोन बोटांत दाबून पाहिला.
"ताई, हा तर हिंगणघाटचा कापूस!
जळून जाईल नं."
नाही जळत, म्हटलं. फुगतो,
आणि चॉकलेटच्या पोटात बसून राहतो गुपचूप.

पहाटे ओबेद ट्रे घेऊन आला,
मफलरमधून वाफा सोडत.
आत नानकटाई. वेलचीची. कुणाची तरी.
१७ चा ७१ वाचला पोरानं.

मी धावत गेले तोवर
माझा ट्रे केव्हाच निघाला होता
कुणाच्या तरी स्कूटरवर,
सदरकडे की खलाशी लाइनीत,
नईमभाईंनाही ठाऊक नाही.

ओट्यावर वाडगाभर फ्रॉस्टिंग,
वर पापुद्रा धरू लागलेलं.
चर्चची घंटा तासाभरावर.
काय करते? लावलं नानकटाईलाच,
चाकूच्या पाठीनं, पार कडेपर्यंत.
ओबेद म्हणे, चालून जाते.

आणि तिकडे कुणी बाई
स्वेटरच्या बाह्या वर सारून
माझ्या उघड्या कुकीचा पांढरा उंचवटा
नखानं दाबून बघत असेल:
हे शिजलंय,
की अजून जिवंत आहे?