नमुना अ, नमुना ब

दोन डाळिंबं. एकाच काट्यावर, पाळीपाळीनं.
अ सांगोल्याहून आलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात,
सेंद्रिय प्रमाणपत्राची झेरॉक्स झाकणाला चिकटवून.
ब मीच आणलं मार्केट यार्डातून, सकाळी सातला, घासाघीस करून.
अच्या सालीवर तेल्याचे डाग.
ब गुळगुळीत, मुलगी बघायला निघाल्यासारखं.

बिराजदार सर म्हणाले,
तीन-तीनदा काढा, सरासरी द्या,
मत देऊ नका.

एप्रिल आहे. अक्कलकोट रोडचं डांबर चपला धरून ठेवतंय.
रसाचा एक थेंब भिंगाखाली, गोडी बघायला :
अ पंधरा पूर्णांक चार, ब पंधरा पूर्णांक सहा.
पुन्हा घेतलं तर उलटं.

मग क जीवनसत्त्व.
नळीतून निळं थेंब थेंब सोडायचं
आणि गुलाबी उमटलं की हात आवरायचा.
पण मुळात गुलाबी असलेल्या रसात
उमटलेलं गुलाबी ओळखायचं कसं?
आफरीन म्हणते, मॅडम, मघाशीच झालं.
यल्लप्पा म्हणतो, कुठलं, अजून वेळ आहे की.
आमच्या तिघांच्या डोळ्यांतला फरक
अ आणि बच्या फरकाहून मोठा निघाला.

अम्माला डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, रक्त कमी, फळं खा.
विड्यांचं सूप बाजूला ठेवून तिनं एक डाळिंब फोडलं
आणि आम्हा पाच जणांत दाणे मोजून वाटले.
खरंच मोजून. ओकटी, रेंडू, मूडू...
एकशे अठरा प्रत्येकी, धाकट्याला दोन जास्त.
स्वतःला साल ठेवली,
वाळवून, कुणाचं पोट बिघडलं तर.
कुठल्या खतावर वाढलं, हे तिनं विचारलं नव्हतं.
मीही आज पहिल्यांदाच विचारतेय, तेही पगार घेऊन.

औषधाचा अंश बघायचं मशीन पुण्याला.
नमुना पाठवायचा तर बिल वेगळं,
म्हणून माझ्या तक्त्यात तो रकानाच नाही.
खोकं घेऊन आलेला नागनाथ मात्र सांगत होता,
दोन वर्षांमागं फवारणीचा पंप त्याच्याच पाठीवर असायचा,
रात्री भाकरीलाही औषधाचा वास.
आता शेण-गोमूत्र कालवतो.
"वास ह्याचा बी येतोच, मॅडम,
पण बायको पंगतीला बसू देते."
हे शंभर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम लिहू?

लिहिलं : लक्षणीय फरक आढळला नाही.
खाली सही, तारीख.

धुताना दोन्ही वाडग्यांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या.
यल्लप्पानं उरलेले दाणे एकाच डब्यात ओतले,
वर शेंगाचटणी भुरभुरली, जमतं का बघा म्हणाला.
जमलं.
आफरीनचा रोजा.
तिच्यासाठी वाटीभर काढून, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवले,
संध्याकाळी सोडायला.

साली मी घेतल्या. दोन्हींच्या. एकाच कागदात.