एकसष्ट टक्के

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी घर गप्प झालं.
फ्रिजची घरघर थांबली की मला जाग येते,
आवाजाने नाही, आवाज गेल्याने.
जिन्याखालच्या कोनाड्यात बॅटरी उभी,
तिच्या बोटभर पडद्यावर हिरवा आकडा: एकसष्ट.
शेजारी इन्व्हर्टर लाल डोळा मिचकावत,
आणि शूफच्या डोंगरातलं धुकं खिडकीला नाक लावून.

एकसष्ट म्हणजे अर्ध्याहून जास्त.
इतकं जवळ असताना कुणी असं मध्येच उठून जातं का?

आबिदजानहून मिल्हिम फोनवर म्हणाला,
बंद कर, शंभरपर्यंत मोज, चालू कर.
त्याच्या दुकानात दिवे जात नाहीत,
तिथून सगळंच सोपं दिसतं.
मी मोजलं. सत्तरीला पाय गारठले.

भाचा शुक्री पाना घेऊन आला,
सोळा सेलचे बत्तीस नट आवळले,
फ्यूज बदलला, वायरिंगला नावं ठेवली,
दोन वाट्या मसूर खाल्ली आणि म्हणाला,
मावशी, ही मेली. नवी घे.
मी लबनेहच्या बरण्या बाहेर पायरीवर मांडल्या
आणि तेलाच्या हिशेबाची जुनी वही काढली.

एका रकान्यात टक्के, एका रकान्यात व्होल्ट,
दर तासाला, पेन्सिलीने.
चौथ्या रात्री टक्के म्हणाले एकसष्ट,
व्होल्ट म्हणाले शेहेचाळीस.
ओठात एक, पोटात एक.
पण लबाडी नव्हती ती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.
काठोकाठ भरली होती ती नऊ नोव्हेंबरला,
ऑलिव्हची पोती गिरणीवर गेली त्या दिवशी.
मग धुकं, मग बर्फ, मग परत धुकं.
रोज थोडं आत, थोडं बाहेर,
आणि ही आपली अंदाजाने मोजत राहिली;
रोजची चूक चिमूटभर,
तीन महिन्यांत चिमटीची पायली झाली.
भरलेपण विसरलेल्याला
रितेपण तरी कसं उमगावं?
(हे मी वहीत लिहिलं नाही.
वहीत लिहिलं: पूर्ण चार्ज हवा.)

पूर्ण चार्ज म्हणजे ऊन. ऊन नाही,
म्हणजे अबू घत्तासचा जनरेटर.
पॅनेल बसली त्या दिवशी
त्याची वायर मी माझ्या हाताने कापली होती,
अंजिरावरून खाली ओढली होती,
वर शेजारपाजार ऐकेल असं काहीबाही बोलले होते.
आता त्याच्याच दारात उभी: दहा अँपिअर, एक रात्र.
त्याने बस म्हटलं नाही. रोख मागितली, डॉलरमध्ये.
मग दार लोटता लोटता विचारलं,
वायर आहे, की तीही जाळलीस?

होती. कोंबड्यांच्या खुराड्याला गुंडाळलेली.

सातला सुरू. साडेनऊला आकडा शंभर.
शुक्रीने फोनवर टाळ्या वाजवल्या.
पण करंट वाहतच होता.
शंभर झाले, तरी पीत होती,
दहा वाजले, अकरा, बारा,
शंभर, शंभर, शंभर,
आणि आत कुठेतरी अजून तळच ओला होत होता.

दोनच्या सुमारास व्होल्ट चढू लागले.
एकेक सेल काठाला आला,
अकरा नंबरचा तेवढा मागे,
चढावर थबकलेल्या लंगड्या शेळीसारखा,
आणि बाकीचे पंधरा त्याच्यासाठी खोळंबलेले.
मी स्टूल ओढून बसले, गुडघ्यांवर घोंगडी.
त्याला काही बोलले नाही.
पाचला तोही आला. म्हणजे, जवळजवळ.

दुसऱ्या रात्री तीनला सवयीने जाग आली.
फ्रिज घरघरत होता.
तरी खाली जाऊन पाहिलं: अडतीस.
इतका छोटा आकडा पाहून
इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

इस्त्री आता दुपारी, ऊन पडलं तर.
अकरा नंबरपुढे वहीत फुली आहे.
आणि वायर मी खुराड्याला परत बांधली नाही.
अंजिराच्या खालच्या फांदीवर ठेवली आहे,
वेटोळं करून, सैलसर.