वाव

ससून डॉकच्या मागल्या अंगाला, बर्फाच्या कारखान्यापाशी,
पहाटे कुट्ट्याचा ढीग ओततात:
कोंबड्यांच्या खाद्याला जाणारा, किलोवर विकलेला,
कुणी नाव न विचारलेला समुद्र.
चांगुणा भानजी त्यातून माझ्यासाठी शंख वेचते,
रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकते.
टण्ण. टण्ण. टक.

मी ते फोर्टात आणते, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं पंखा लावायचा नाही, चिठ्ठ्या उडतात.
भिंगाखाली धरते. नखाहून लहान,
कापराच्या वडीसारखे पांढरे,
कारण तिथं रंग बघायला कुणी नाही.

दोनशे दहा वाव, तांडेल म्हणाला,
तळ जिथं कलायला लागतो तिथून.
तिथल्या पाण्यात श्वाससुद्धा मोजून मिळतो.
आणि तरी कुणी गाळ चाळतं,
कुणी किड्याला विषाची सुई टोचतं,
कुणी मेल्या माशाच्या मणक्यावर बिऱ्हाड करतं.
एका ओंजळीत अकरा घराणी.

टोकावरचं पहिलं वेटोळं बघायचं, मला शिकवलं होतं.
बाळपण तिथंच राहतं,
पुढचं सगळं त्याच्याखाली बांधत जातात.
वेढे जास्त, तर महिनोन्‌महिने वाहत आलेला.
वेढा एखादाच, तर जिथं फुटला तिथंच रांगला.
मी गिरगावात जन्मले, गिरगावातच राहते.
माझा एकच धरा.

भुलेश्वरात उजवा म्हणून जो हजारांत विकतात
त्याला आम्ही डावा लिहितो.
शंख तोच. धरायचा कसा, एवढाच वाद.

परवा चौदा नग मी एका नळीत घातले, एका नावाखाली.
चांगुणा पैसे न्यायला आलेली,
तिनं नळी कानाशी हलवली.
"बाय, यी यक जात नाय. दोन हान.
यक वाजते, यक नुसती परते."
मी हसले.
मग रात्री आठपर्यंत कवचं मोजत बसले.
नऊ जाड. पाच कागदासारखी.
आणि ओठाशी एक खाच,
जिला मी तीस वर्षं ओरखडा समजत होते.

नवी चिठ्ठी केली.
ठिकाण: मुंबईच्या नैर्ऋत्येला.
वाव: दोनशे दहा.
वेचणार: चां. भानजी.
जात:
तिथं जागा सोडली, जरा जास्तच.
तिलाही वावच म्हणतात, हे लिहिताना सुचलं.

पाच नग कापसावर ठेवले, झाकण लावलं.
दिवा घालवण्याआधी डबी कानाशी नेली.
काही नाही.