नमुना सत्तेचाळीस

अकीकाच्या खलात चाळीस मिनिटं.
कधी थांबायचं ते मनगट सांगतं, घड्याळ नाही.
इट्रियम, अॅल्युमिना, चिमटीभर सिरियम
आणि दाणे एकमेकांत मुरावेत म्हणून जरासं बेरियम फ्लोराइड,
हरभरे शिजावेत म्हणून आई सोडा घालायची तसं.

माटुंग्याच्या या प्रयोगशाळेतली भट्टी
माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
पंधराशे पन्नास अंशांवर गेली की कण्हते.
हायड्रोजनची टाकी संपलीय, असं सांगत मिरांडा
मूस कोळशात पुरतो,
तापाच्या माणसाला गोधडीत गुंडाळावं तशी.
हवेत भाजलेला सिरियम चार इलेक्ट्रॉन गमावून बसतो
आणि मुका होतो.
कोळसा त्याला एक परत देतो.
तेवढ्यावर तो उजळतो.

सुरुवातीला वाटलं, सिरियम वाढवला की उजेड वाढेल.
वाढवला.
मंदावला.
अणू फार जवळ आले की मिळालेली ऊर्जा
या हातातून त्या हातात नुसती ढकलत राहतात,
शेवटी ती कुठल्यातरी भेगेत पडते आणि ऊब होऊन विझते.
हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी.
मला हे आधीच कळायला हवं होतं.

मग सौम्य आम्लात धुतलं, चाळलं, पुन्हा भाजलं.
दाण्यांवरची राख गेली, कडा गुळगुळीत झाल्या.
निळ्या चकतीवर बेसनाच्या रंगाची भुकटी लिंपली.
थोडा निळा अडवायचा, थोडा सोडायचा
आणि डोळ्याला पटवायचं की हे पांढरं आहे.
आतून पांढऱ्या असलेल्या त्या पोकळ गोळ्यात दिवा ठेवला.
एकेचाळीसावा नमुना: सात टक्के जास्त.
कर्णिक सरांनी सगळ्यांना कटलेट सांगितले,
मिरांडाने दोन खाल्ले.

दिवा मी माहीमला चांगुणा वैतीच्या पाटीवर टांगला.
संध्याकाळची वेळ. बर्फावर पापलेट, सुरमई, बांगडे.
तिने वर पाहिलं, खाली पाहिलं,
एका सुरमईचा कल्ला अंगठ्याने उघडून धरला.
"उजेर जास हाय गो, पन लाली खं गेली?"

कल्ला तपकिरी दिसत होता.
सकाळी सहाला बंदरावर उतरलेला मासा
माझ्या सात टक्क्यांखाली दोन दिवसांचा झाला होता.

मला वाटलं ती शेजाऱ्यासारखा दिवा मागेल,
लाल कागद गुंडाळलेला, शिळ्यालाही गाल रंगवणारा.
नाही म्हणाली.
शिळं मावरं शिळंच दिसूदे,
ताज्याला कशाला मारतेस?

लालची किंमत मीटरच्या हिशेबात फार थोडी.
डोळा हिरव्या-पिवळ्यावर भाळतो,
आणि उजेड मोजायचं माप त्या डोळ्यावरूनच केलेलं.
युरोपियमची शेंदरी भुकटी मिसळावी
तर ती पिवळ्याचाच थोडा उजेड गिळते,
शिवाय महाग, शिवाय दमट हवेत रुसते,
आणि मुंबईत दुसरी हवा आहे कुठे.

बेचाळीस, त्रेचाळीस फिके.
चव्वेचाळीस लग्नाच्या मांडवासारखा.
पंचेचाळीस सांडला.
सेहेचाळीस रात्री साडेअकराला, वीज गेल्यामुळे, अर्धाकच्चा.

सत्तेचाळीस घेऊन गेले तेव्हा चांगुणा काही बोलली नाही.
कल्ला उघडला, मिटला,
गिऱ्हाइकाकडे वळली आणि भाव सांगितला,
कालच्यापेक्षा वीस रुपये जास्त.

सर विचारतात, सात होते, आता एक उरला, का?
मी वही पुढे करते.
आकडे आहेत, आलेख आहेत, शेऱ्याचा रकाना रिकामा.
त्या पानाला सुरमईचं इवलं खवलं चिकटलंय.
सर नखाने काढायला जातात,
मग खिडकीकडे वही तिरकी करून
उगाच बघत बसतात.