मधलं रीडिंग

सहा शनिवार झाले, सहा उरले.
डिचोलीच्या वाचनालयाची माडी. पंखा एकच,
आणि तो केंकरेबाईंकडे तोंड करून अडकलेला.
जाताना बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला
प्रत्येकाने एक पान आणा:
कुठून निघालो, कुठवर आलो.

मी वीज खात्यात मीटर रीडर.
सव्वीस वर्षं एकच हिशोब केलाय:
मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, वजाबाकी.
तसंच लिहितो. दुसरं येत नाही.

मागचं रीडिंग.
पहिल्या शनिवारी मी चार पानं घेऊन गेलो होतो.
मुलीच्या फिजिक्सच्या वहीची कोरी राहिलेली.
त्यात सूर्य तीनदा मावळत होता,
नदीच्या पायात पैंजण होते,
आणि हृदयाच्या गाभाऱ्यात कुणीतरी बसलं होतं,
कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं.
बाईंनी काही खोडलं नाही.
तळाशी पेन्सिलीने फक्त:
‘तुम्ही दिवसभर काय बघता?’

काय बघतो?
आधी कुत्रा बघतो.
मग पायरीवरच्या चपला, किती जोड, कुणाचा नवा.
मीटरच्या पेटीत पालीची अंडी, दोन, खडूसारखी.
लामगावात एका मीटरला दसऱ्याचं कुंकू,
काचेवरच लावलेलं; आकडा त्यातून वाचायचा.
खाण बंद पडल्यावर विकलेल्या एसीचं भोक,
पुठ्ठ्याने बुजवलेलं, पुठ्ठ्यावर अजून टीव्हीचं चित्र.
हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.
मशीनमध्ये त्याला रकाना नाही.

तिसऱ्या शनिवारी जोकी फर्नांडिसने वाचलं.
जोकी तारवटी, तीस वर्षं बोटीवर आचारी;
देवनागरी अक्षरांतून तो
ओल्या सिमेंटवरून चालल्यासारखा जातो.
सहाच ओळी: वादळात घट्ट धरलेलं पातेलं,
आणि मनगटावरचा डाग.
कुणी बोललं नाही. जोकीनेच खुर्ची सरकवली.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
शैलाला वाटलं, ॲसिडिटी.

चौथ्याला मी मयेच्या द्रौपदाबाईवर लिहिलं.
गेट वाजलं की आतूनच ओरडते,
‘कितें रे, आयज बेगीन आयलो?’
मी तिला शुद्ध मराठीत बोलायला लावलं
तर ती गप्पच झाली.
दोन पानं नुसती बसून राहिली, ओटीवर, पाय पसरून.
शेवटी तिचं वाक्य तिला परत दिलं,
तेव्हा कुठे तिने पाणी विचारलं.

आणि ते कारापूरचं बंद घर.
मुलगा स्विंडनला. कुलूप गंजलेलं.
तरी दर महिन्याला अकरा युनिटं.
हे मी नऊ वेळा लिहिलं.
पहिल्या खर्ड्यात भूत होतं,
दुसऱ्यात आईचा आत्मा.
पाचव्यात खिडकीच्या फटीला डोळा लावला:
देवांसमोर झिरोचा बल्ब, लाल,
जाताना कुणीतरी तसाच ठेवलेला.
शेवटी मी ‘श्रद्धेची अखंड ज्योत’ असं लिहिलं.
बाईंनी ज्योत काढली.
वरच्या ओळीवर बरोबरची खूण केली, पहिलीच:
‘दर महिन्याला अकरा युनिटं.
फेब्रुवारीत दहा.’

आताचं रीडिंग.
शेवट अजून जमत नाही.
‘जणू’ अजून दर पानाला एकदा तरी निसटतो.
तन्वेष गावस, एकोणीस वर्षांचा, विचारतो, मग पुढे?
पुढे मी दुसऱ्या घरी जातो रे.
शैलाने वही वाचली, मिटली, म्हणाली,
सगळ्यांच्या चपला आहेत यात. माझ्या?
याचं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही.

वजाबाकी.
चार पानं होती. त्यांच्या जागी
आता धड अशा अडीच ओळी.
आताचा आकडा मागच्याहून कमी भरला
की मशीन घेत नाही, शिट्टी मारतं,
पडद्यावर येतं: पुन्हा तपासा.

तपासलं, बाई. बरोबर आहे.

सोमवारी कारापूरची फेरी.
हा महिना एकतीसचा.