जुन्याच चालतील

बाहेर उणे अठ्ठावीस.
थंडर बेच्या धक्क्यावर धान्याची उंच कोठारं,
त्यांच्यापलीकडे सरोवर, पांढरं, गप्प.
गॅरेजात रॉकेलचा हीटर फुरफुरतोय.
हीटरशेजारी घडीच्या खुर्चीत इसा, माझा बाप,
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

ऑगस्टपासून त्याच्याजवळ मोजून अकरा शब्द उरलेत.
त्यातल्या चार शिव्या, फिनिशमधल्या.

नवा कॅमशाफ्ट काल बसवला मी.
तेलात न्हालेला, उंच खांद्यांचा,
जुन्यापेक्षा आडदांड.
व्हॉल्व्ह आता जास्त उघडेल, जास्त वेळ उघडा राहील,
मग उतारावरून धाडकन खाली.
रायमोनं फोनवर विचारलं, लिफ्ट किती, ड्युरेशन किती.
व्हॉल्व्हला परत कोण आणणार,
ते नाही विचारलं.

मीही म्हणाले, स्प्रिंगा जुन्याच चालतील.
पस्तीस उन्हाळे चालल्यात की.
सोळा नव्या घ्यायच्या म्हणजे
महिन्याभराचं वाणसामान.

इसानं डावा हात उचलला.
बोट फळीवरच्या पिस्टनकडे.

तो पिस्टन मी लहानपणापासून बघतेय.
माथ्यावर एक खाच, चंद्रकोरीसारखी.
पेन्सिल टेकवायलाच कोरलीय, असं वाटायचं.

"हे व्हॉल्व्हनं केलं?"
डोळे मिटले, उघडले.
"आपल्याच गाडीत? जुन्या स्प्रिंगांवर?"
त्यानं तोंड वाकडं केलं, आणखी वाकडं,
आणि बारावा शब्द आला:
"योउसी."
आमच्या भाषेत स्प्रिंग. धनुष्यही तेच.

मी चौथीत होते त्या उन्हाळ्यात
नोव्हा दोन महिने ताडपत्रीखाली होती.
आई सांगायची, इंजिनात खराब पेट्रोल गेलं.
तेव्हापासून आमच्या घरात
पेट्रोलच गुन्हेगार.

पार्सल नऊ दिवसांनी आलं.
एकेक स्प्रिंग मी शिकंज्यात धरली,
बसायची उंची मोजली, मग कॅमच्या लिफ्टइतकी दाबली.
वेढ्याला वेढा भिडायच्या आत
साठ थाऊ जागा उरायला हवी.
दोन ठिकाणी उरली नाही. तिथले शिम काढले.

स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी सोडली,
बर्फावरच्या मासेमारीच्या घसरगाडीची,
पिस्टन हळूच वर आणला.
दोरीची गच्च उशी, तिच्यावर व्हॉल्व्ह टेकलेला,
म्हणजे स्प्रिंग काढली तरी आत पडणार नाही.
ही युक्ती इसाची.
मफलर मुठीत कोंबून कोंबून दाखवली,
मला कळेपर्यंत सहा वेळा.

शेवटून तिसऱ्या व्हॉल्व्हवर कॉटर उडाला.
नखाएवढा. टिंग.
इंजिनात गेला असेल तर संपलं.
लोहचुंबक फिरवला, टॉर्च दातांत धरून
तेलाच्या वाटा पाहिल्या,
रांगत रांगत सिमेंट चाचपलं. तासभर.
इसा हसत होता, अर्ध्या तोंडानं.
त्याच्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत,
उजव्या मनगटाशी, कॉटर चकाकत होता.
हाताला कळलं नसेल.
डोळ्यांना केव्हाच कळलं होतं.
त्याच्या चारांतली एक शिवी मी उसनी घेतली.

रविवारी चावी फिरवली.
नव्या कॅमला पहिली वीस मिनिटं
दोन हजारांच्या खाली येऊ द्यायचं नसतं.
गॅरेजचं दार सताड उघडं,
धूर अंगणातल्या बर्फावरून सरपटत गेला,
समोरची मिसेस पेल्टोनेन पडदा सारून बघून गेली.
इसाची मान आवाजाकडे कललेली,
दाराशी आलेल्या माणसाची पावलं ओळखावीत तशी.

अठराव्या मिनिटाला त्यानं बोट वर केलं.
माझ्या पोटात गोळा.
ठोका चुकला? कुठला?
वाकून कान त्याच्या तोंडाशी नेला.

"पेट्रोल," म्हणाला.
आणि खुर्ची हलेपर्यंत हसला.